रमाबाईंच्या जन्मदिवशी तरी असं बोलू नका

प्रति,
२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि मतदार साक्षरता मंडळांचे शिक्षक-विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीत असताना अकरा वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं. मतदार यादीचा भाग हातात घेऊन गल्लोगल्ली, वस्तीवस्तीवर फिरले. नाव नोंदवायचा नमुना ६, नाव वगळायचा नमुना ७, दुरुस्तीचा आणि पत्ता बदलायचा नमुना ८ हे झोपेतसुद्धा भरता येतील इतके भरले. म्हणून जानेवारी आला की आसपासची महाविद्यालयं मला पाहुणी म्हणून बोलावतात आणि मीही हौसेने जाते.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. सगळं छान चाललं होतं. मुलींनी शाई लावलेल्या बोटाची मोठी रांगोळी काढली होती, सगळ्यांनी उभं राहून प्रतिज्ञा घेतली, नवमतदारांना कार्डं दिली. मग मुख्य वक्ते उठले. बोलता बोलता म्हणाले, "इंग्लंड-अमेरिकेत बायकांना मतासाठी रस्त्यावर उतरावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. आपल्या देशात मात्र न मागता, एका दिवसात तो हक्क मिळाला." सभागृहात टाळ्या झाल्या. मुलींनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या वाट्याला आलेल्या दोन मिनिटांत मी 'नावं नोंदवा, पत्ता बदलला की कळवा' एवढं सांगितलं आणि खाली बसले. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. हे वाक्य मी त्या एकाच ठिकाणी ऐकलेलं नाही. वेगवेगळ्या व्यासपीठांवर, चांगल्या अभ्यासू माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खोटं आहे. आणि आपण ते नेमक्या कोणत्या दिवशी बोलतो, तेही आपल्या लक्षात येत नाही.

२५ जानेवारी १९५० ला भारताचा निवडणूक आयोग स्थापन झाला, म्हणून २०११ पासून तो मतदार दिन. पण २५ जानेवारी हा रमाबाई रानडे यांचा जन्मदिवसही आहे. मुंबई इलाख्यात बायकांच्या मताधिकारासाठी ज्यांनी १९२१ च्या सुमारास चळवळ उभी केली, त्याच या रमाबाई. त्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचा. गावाचं नाव काढलं की लोक यशवंतराव चव्हाणांचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांचाही जन्म तिथलाच. पण त्याच गावात त्यांच्या आधी पन्नासेक वर्षं कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली, हे सांगणारा मला क्वचितच कोणी भेटला.

यमुनेचं लग्न अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी झालं आणि ती रमा झाली. सासरी आली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतलं तर घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे सुरू झाले. इंग्रजी शिकते म्हणून तर फारच बोल खावे लागले. तीच बाई पुढे पुण्याच्या भर सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत उभी राहिली आणि मुलींसाठी हायस्कूल काढा अशी मागणी करून आली. हुजूरपागा १८८४ साली निघाली ती अशा प्रयत्नांतून. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्ष रमाबाई होत्या, १९०९ पासून पुण्याचं सेवासदन ही बायकांसाठीची संस्था त्यांनीच वाढवली. हे पाठ्यपुस्तकांत कुठे ना कुठे येतं. मताधिकाराचा भाग मात्र गळतो.

शाळा आणि मत ही दोन टोकं एकमेकांना कशी बांधलेली होती, हे मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९१७ साली ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानात आले. राज्यकारभारात सुधारणा करायच्या होत्या आणि ते ठिकठिकाणच्या लोकांचं म्हणणं ऐकून घेत होते. अण्णासाहेब कर्व्यांचं महिला विद्यापीठ आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. विद्यापीठाच्या मंडळींना आणि मद्रासकडे नुकत्याच निघालेल्या विमेन्स इंडियन असोसिएशनच्या बायकांना माँटेग्यूंसमोर मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न मांडायचा होता. असोसिएशनच्या मार्गारेट कझिन्स यांनी भेट मागितली. उत्तर आलं, फक्त राजकीय विषयांवरच्या शिष्टमंडळांना वेळ मिळेल. शिक्षण हा राजकीय विषय नाही म्हणे. मग मागणीत मत आलं. १८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ भेटलं आणि पुरुषांना ज्या अटींवर मत द्याल त्याच अटींवर बायकांना द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या शिष्टमंडळात डॉ. नागूताई जोशी होत्या. त्याच पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे या नावाने ओळखल्या गेल्या. नाव बदललं की बाईचा माग किती लवकर हरवतो ते बघा. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुढच्या वर्षी मे १९१८ मध्ये विजापूरला मुंबई प्रांतिक परिषद भरली. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. तिथे सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताचा ठराव मांडला. ऑगस्टअखेर मुंबईच्या काँग्रेसच्या खास अधिवेशनातही तसा ठराव झाला. आता काय, मिळालंच, असं वाटावं अशी हवा होती. आणि मग साउथबरो समितीचा अहवाल आला. कोणाला मत द्यायचं ते ठरवायला ही समिती देशभर फिरली होती. बायकांनी सह्या गोळा करून निवेदनं दिली होती. समितीने सांगितलं, हिंदुस्थानची सामाजिक स्थिती पाहता हे फार लवकर होईल, अजून पुरुष मतदारांनाच मताची जबाबदारी शिकवायची आहे, शिवाय पडदा आहेच.

यावर मुंबईच्या बायका गप्प बसल्या असत्या तर आपल्या वक्त्यांचं 'न मागता' कदाचित खरं ठरलं असतं. त्या बसल्या नाहीत. त्यांनी पैसे जमवले आणि दोन बायकांना थेट लंडनला पाठवलं, हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. हिराबाईंना या विषयाची गोडी कशी लागली तीही गंमतच आहे. १९११ साली हे कुटुंब काश्मीरला गेलं होतं. तिथे त्यांची गाठ राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया इंग्लंडच्या मताधिकार चळवळीतल्या, आणि त्यांच्या कपड्यावर 'बायकांना मत' असा छोटासा बिल्ला होता. हिराबाईंनी त्याबद्दल विचारलं आणि गप्पा सुरू झाल्या. मिठन तेव्हा तेरा वर्षांची होती. आठ वर्षांनी ह्याच मायलेकी बोटीत बसून इंग्लंडला गेल्या, संसदेच्या संयुक्त समितीपुढे १९१९ मध्ये त्यांनी साक्ष दिली, इंग्लंडभर हिंडून सभा घेतल्या. तिथल्या बायकांच्या संस्थांनी पाठिंब्याची पत्रं आणि ठराव इंडिया ऑफिसकडे, म्हणजे भारतमंत्र्यांच्या लंडनमधल्या कचेरीकडे धाडले.

परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, आपल्या देशातल्या ज्या बायकांना आपण ओळखतही नाही त्यांच्यासाठी सभेमागून सभा घेत फिरायचं, हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

पार्लमेंटने शेवटी १९१९ च्या कायद्यात हात झटकले. बायकांना मत द्यायचं की नाही ते ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलने, म्हणजे कायदेमंडळाने ठरवावं, असं म्हणून प्रश्न परत इकडे धाडला. म्हणजे जे कौन्सिल निव्वळ पुरुषांच्या मतांवर निवडून आलं, त्यातल्या पुरुषांनीच हात वर करायचे होते. इथे रमाबाईंसारख्यांचं काम लागतं.

त्याच काळात पुण्यात दुसरी लढाई चालली होती. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येऊ लागलं. पुण्यात वाद पेटला, सक्ती फक्त मुलांना की मुलींनाही? टिळकांच्या बाजूचं म्हणणं, पैसा अपुरा आहे, आधी मुलांचं करू. रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. साठीच्या घरातली विधवा बाई, पुण्यासारखं शहर, आणि समोर साक्षात लोकमान्यांचं वजन. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तरी या प्रश्नावर मी रमाबाईंच्याच मोर्च्यात चालले असते. हा मोर्चा मला मताधिकाराच्या इतिहासाचाच भाग वाटतो, कारण मोर्चा नगरपालिकेच्या दारापर्यंत नेता येतो, आतमध्ये हात वर करायला मात्र आपलं माणूस लागतं. ही गोष्ट पुण्याच्या बायकांना तेव्हा चांगलीच कळली असणार.

मद्रासने एप्रिल १९२१ मध्ये बायकांवरची बंदी उठवली. मुंबईच्या कौन्सिलने जुलै १९२१ मध्ये उठवली. ब्रिटिश हिंदुस्थानातला हा दुसरा प्रांत. आता हे साल आपल्या वक्त्यांनी दिलेल्या उदाहरणांशेजारी ठेवून बघा. अमेरिकेत सगळ्या राज्यांतल्या बायकांना मत देणारी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० ची, म्हणजे फक्त अकरा महिने आधीची. इंग्लंडमध्ये १९१८ साली मिळालं ते तीस वर्षांवरच्या बायकांना, तेही अटी घालून. पुरुषांइतकंच मत त्यांना १९२८ मध्ये मिळालं. फ्रान्समध्ये तर १९४४ उजाडलं. मुंबई इलाख्यातल्या बायका या रांगेत कुठेही मागे नव्हत्या. उलट पुरुषाची जी अट तीच बाईची, हे तत्त्व त्यांनी लंडनच्या आधी मान्य करून घेतलं.

पण ती अटच मोठी होती. मत कर भरणाऱ्याला, भाडं भरणाऱ्याला, ठरावीक शेतसारा भरणाऱ्याला. सातबाऱ्यावर बाईचं नाव कुठून येणार? त्यामुळे १९२१ च्या दारातून आत गेल्या त्या मूठभर. निवडणुकीला उभं राहायची मुभा तर त्यात नव्हतीच, ती १९२६ ला आली. मुंबई महापालिकेत मात्र १९२३ मध्येच सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले सदस्य म्हणून बसल्या. त्याच साली मिठन टाटा बॅरिस्टर होऊन परतल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. साक्ष द्यायला गेलेली मुलगी कायदा शिकून आली.

आणखी एक सांगायला हवं. मी 'महाराष्ट्र' म्हणते तेव्हा तो सगळा मुंबई इलाख्यात नव्हता. विदर्भ मध्य प्रांतात होता, मराठवाडा निजामाच्या राज्यात. तिथल्या आपल्या बहिणींचा मार्ग वेगळा आणि जास्त खडतर होता. लातूर-परभणीच्या महाविद्यालयांनी १९२१ ची गोष्ट सांगताना तेही मुलांना सांगावं.

माझी आजी या सगळ्यात कुठे होती? आमच्या घरची जमीन कुळाची. आजोबांनाच मत नव्हतं तर आजीला कुठलं! १९३५ च्या कायद्याने बायकांची संख्या वाढवायला दोन वाटा काढल्या. एक, बाईला लिहिता-वाचता येत असेल तर. दुसरी, तिचा नवरा मालमत्तेमुळे मतदार असेल तर. म्हणजे बायको म्हणून मत. बायकांच्या संघटनांना ही दुसरी वाट अपमानाची वाटली. अखिल भारतीय महिला परिषद, जिचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झालं होतं, ती आणि तिच्या बरोबरच्या संघटना सांगत होत्या, सगळ्या प्रौढांना द्या, कोणाची बायको म्हणून देऊ नका. ऐकलं गेलं नाही. १९३७ च्या निवडणुकीत देशात सुमारे ६० लाख बायका मतदार होत्या. माझी आजी त्यांत नव्हती, तिला अक्षर येत नव्हतं.

तिच्यासारख्यांची बाजू ज्यांनी धरली त्यांची नावंही त्याच दिवशी घ्यायला हवीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात मागितलं ते सर्व प्रौढांना मत, पुरुष आणि स्त्री दोघांनाही, मालमत्तेची अट न ठेवता. त्या वेळी भलेभले पुढारी 'हळूहळू' म्हणत होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्या बायकांनी घटस्फोटाच्या हक्कापासून गिरणीतल्या बाईच्या रजेपर्यंत ठराव केले, आणि कायदेमंडळात बायकांना जागा हव्यात असाही केला. १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेलेल्या हंसा मेहता पुढे संविधान सभेत बसल्या. म्हणजे सर्व प्रौढांना मत देणारं संविधानाचं कलम ३२६ लिहिलं गेलं तेव्हा तीस वर्षांचं मागणं त्याच्या पाठीशी होतं. संविधानाने एका दिवसात दिलं हे वाक्य ऐकायला संविधानाचा गौरव वाटतं, पण त्या कलमापर्यंत चालत आलेल्या माणसांना ते पुसून टाकतं.

आजीने पहिलं मत १९५२ ला दिलं. ती सांगायची, बैलगाडीतून शेजारच्या गावाला गेलो, खोलीत ओळीने पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर चित्र. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी तिच्या ओळखीची होती, पण तिने कोणत्या पेटीत टाकलं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आजोबा विचारत, ती पदर सावरून चुलीकडे वळे. तिच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट होती जी घरात कुणालाच माहीत नव्हती.

आणि आता नावाचं. त्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून आलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, बाईने स्वतःचं नाव सांगितलं पाहिजे, नाही तर नोंद राहणार नाही. देशातल्या जवळपास ८ कोटी बायका मतदारांपैकी सुमारे २८ लाख नावं त्यामुळे गळाली. त्यातली बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली होती. सेन यांच्यावर टीका झाली, पण मला वाटतं ते बरोबर होते. कोणाची तरी बायको म्हणून मत नको असं ज्या बायका म्हणत होत्या, त्यांचंच म्हणणं त्यांनी यादीत उतरवलं.

आपल्याकडे हे सगळं संपलं असं समजू नका. बीएलओ म्हणून मी एका वस्तीवर गेले होते, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं होती. एक नवी सून दारात उभी होती. नाव विचारलं तर तिने सासूकडे बघितलं. सासूने लग्नात ठेवलेलं नाव सांगितलं. आधार कार्डावर माहेरचं नाव, माहेरच्या यादीतही तेच, इथे तिसरंच. मी सासूबाईंना पाणी मागितलं, त्या आत गेल्या, तेव्हा ती पोरगी हळूच म्हणाली, "बाई, माझं पहिलंच राहू द्या ना." मी नमुना ८ मध्ये पत्ता बदलला आणि तिचं पहिलं नाव तसंच ठेवलं. कागद वाचून तिने सही केली. नंतर दर निवडणुकीला यादीवरून बोट फिरवताना त्या नावापाशी मी थांबायचे. यमुनेची रमा झाली, नागूताईंच्या लक्ष्मीबाई झाल्या, ही एवढी साधी गोष्ट आहे असं मला आता वाटत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे. येत्या २५ जानेवारीला व्यासपीठावर रमाबाईंचा फोटो ठेवा. 'न मागता मिळालं' हे वाक्य भाषणातून काढा आणि त्या जागी १९१७ ते १९२१ ची गोष्ट सांगा. दहा मिनिटं पुरतात, मी घड्याळ लावून बघितलं आहे. रांगोळी जरूर काढा, पण मुलामुलींना आठवडाभर आधी एक काम द्या. आपल्या घरातल्या कोणत्या बाईने सगळ्यात आधी मत दिलं, कोणत्या गावात, आणि यादीत तिचं नाव काय लिहिलेलं होतं, हे घरी विचारून या म्हणावं. पुष्कळ घरांत त्या पणज्या-आज्या आता नाहीत, पण ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं ती माणसं अजून आहेत. उशीर करू नका. आणि नमुना ६ भरून घेताना मुलीला तिचं नाव तिलाच विचारा, शेजारी उभ्या असलेल्या वडिलांना किंवा भावाला विचारू नका. लग्न होऊन गेलेल्या मुलींना नमुना ८ कसा भरायचा ते याच दिवशी शिकवा, कारण मतदानाच्या दिवशी केंद्रावरून रडत परत गेलेल्या सुना मी पाहिल्या आहेत.

सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत कुठेही बोलावलंत तर मी स्वतःच्या खर्चाने येईन. माझ्याकडे रमाबाईंचा एक मोठा, काच लावलेला फोटो आहे. एसटीने येते, तो पिशवीत नीट मावतो. फक्त २५ तारखेची सकाळ आधीच एका शाळेला दिली आहे. ती शाळा देवराष्ट्र्याच्या जवळचीच आहे. दुपारनंतर मोकळी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि जुनी बीएलओ
जि. सांगली